अगोदरची नजर

पहिल्यांदाच सांगून टाकते. ‘मौजे सांजवाडी’ या मालिकेतलं इनामदारांच्या बैठकीतलं घड्याळ चार वीसला थांबलेलं होतं, कारण मी त्यात सेल घातला नव्हता. चौथ्या भागातल्या विसाव्या मिनिटाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. माजघरात बांगड्या अकरा होत्या, कारण बारावी माझ्याच हातून फुटली. भिंतीवरच्या पालीचं तोंड पूर्वेकडे होतं, कारण पालीला तसं वाटलं. या तीन गोष्टींवर लोकांनी मिळून जे लिहिलंय ते छापलं तर एक कपाट भरेल. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी एकट्या पालीवर बावीस पानं खर्च केली होती. मी ती सगळी वाचली. वाचणं हे माझं कामच होतं.

मालिका आता पूर्वीसारखी शूट होत नाही. नट नाहीत, कॅमेरा नाही, यंत्र ती रचतं. आमच्यात त्या यंत्राला ‘मास्तर’ म्हणतात. मास्तरला सगळं येतं, फक्त साधा तांब्या जमत नाही. लाखभर तांब्यांचे फोटो बघून तो एक तांब्या काढतो आणि तो त्या लाखांची सरासरी असतो. त्याला पोचा नसतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून कंपनीनं माझ्यासारखी माणसं ठेवली होती. मी कोल्हापूरच्या आसपास घरोघरी फिरून खऱ्या, वापरलेल्या वस्तू मागून आणायची, स्कॅनरमध्ये ठेवून त्यांचा कणन्‌कण उतरवून घ्यायची आणि पुण्याला पाठवायची. वस्तू परत घरी, पोचा मालिकेत.

मास्तरची दुसरी गंमत म्हणजे त्याला गोष्ट कळत नाही. लोक कुठे बघतात एवढंच त्याला कळतं. हल्लीच्या प्रत्येक टीव्हीच्या चौकटीत एक काळा मणी असतो, तो तुमचं बुबुळ कुठे वळलं ते सेकंदाला साठ वेळा टिपतो. टीव्ही घेताना आपण एका चौकोनात खूण करून त्याला परवानगी दिलेली असते. तो चौकोन आजवर कुणी वाचलेला नाही. लोकांची नजर जिथे गरजेपेक्षा जास्त रेंगाळते, ती वस्तू मास्तर पुढच्या भागात मोठी करतो. त्यातून प्रेक्षक आपापले तर्क बंद लखोट्यात पाठवतात, म्हणजे एकाचा तर्क दुसऱ्यानं चोरायला नको. बरे वाटतील त्या तर्कांची मास्तर दहा-दहा सेकंदांची चाखणी दोनशे घरांत दाखवून बघतो आणि ज्याच्यावर डोळे खिळतात तो तर्क खरा ठरवतो. लोक रहस्य शोधत असतात, आणि ते शोधतील तिथे मास्तर गुपचूप रहस्य नेऊन ठेवतो.

आणखी एक गोष्ट, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. ज्याला पुढचं माहीत असतं त्याचा डोळा आधी पोचतो. पंगतीत जिलबी कुठल्या दारातून येणार हे ठाऊक असलेला माणूस जिलबी दिसायच्या आधीच त्या दाराकडे बघत असतो, तसं. याला आम्ही अगोदरची नजर म्हणतो. कथा बाहेर फुटली की ज्या घरात ती पोचली तिथली नजर पुढे धावते. त्यावरून कंपनी गळती पकडते. दर शुक्रवारच्या मोठ्या भागानंतर शनिवारी सकाळी त्याचा अहवाल माझ्याकडे यायचा, कारण कुठली वस्तू कुठे ठेवली ते मलाच पाठ होतं.

तर, फोटो.

इनामदारांच्या भिंतीवर वारलेल्या अप्पासाहेबांचा फोटो हवा होता. किरकोळ काम, एका दिवसाचं. पण चंदनाचा हार घालायचा म्हटल्यावर फोटो कुणी देईना. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, आणि मेलेल्या माणसाचा फोटो घरचे भिंतीवरून उतरवून देत नाहीत. आमचा वॉचमन तर स्वतःचा फोटो मागितल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी वैतागून मी माझ्या वडिलांचा फोटो लावला.

माझे वडील संपत गुरव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मी चौदा वर्षांची असताना ते घरातून गेले ते गेलेच. एकोणीस वर्षांत पत्र नाही, फोन नाही. सात वर्षं झाली की कोर्टात जाऊन माणूस मेला असं ठरवून घेता येतं, हे काकांनी आईला सांगून पाहिलं. आईनं त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. तिचं कुंकू, तिचं मंगळसूत्र, तिची वडाची पूजा, सगळं चालू. मला मात्र त्या माणसाचा संताप होता. फोटोला हार घालताना मला बरं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. फॉर्मवर ‘चेहऱ्याचा मालक’ या ओळीपुढे मी ‘मृत’वर खूण केली, तीही जरा जोरातच.

आईला कमी दिसतं, मालिका ती नुसती ऐकते, अशी माझी समजूत होती.

मी एक विसरले. मालिकेतला प्रत्येक चेहरा मास्तरनं काढलेला होता, म्हणजे सरासरीचा. त्यात हा एकच खरा. क्लॅरिनेट धरून धरून खालचा ओठ एका बाजूला दबलेला, डावी भुवई मधेच तुटलेली. चाळीस लाख घरांतली नजर त्या फोटोवर अर्धा अर्धा सेकंद जास्त थांबायला लागली. का थांबते ते लोकांना कळेना, आणि कळेना म्हटल्यावर त्यांनी कारणं शोधली. हारात मणी तेरा आहेत. फोटोची सावली चुकीच्या बाजूला पडते. तुटलेली भुवई म्हणजे तुटलेला वंश. चार महिन्यांत लखोट्यांमागून लखोटे एकच सांगायला लागले, की अप्पासाहेब मेलेले नाहीत.

एका सोमवारी सकाळी चिरमुले मॅडमचा पुण्याहून कॉल आला. त्या कथाविभागाच्या प्रमुख. त्या आनंदात असल्या की चष्मा काढून हलवत बोलतात.

“प्रणोती, तुझा फोटो उठतोय बरं का!”

“म्हणजे?”

“अप्पासाहेब परत येताहेत. या शुक्रवारी. मास्तरनं वीस वर्षांनी वय वाढवून चालवूनसुद्धा पाहिलंय. बघ तर.”

पडद्यावर एक दार उघडलं आणि माझे वडील आत आले. केस पांढरे, मान थोडी पुढे आलेली. ओठ तसाच दबलेला. त्यांनी चपला काढल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “कुणी आहे का घरात?” जबड्याच्या हाडावरून मास्तर आवाजाचा अंदाज बांधतो. आवाज साफ चुकला होता, तरी मी ओ द्यायला तोंड उघडलं होतं.

“काय चालतो बघ!” मॅडम म्हणाल्या. “आता प्रश्न एवढाच की हा खुनी की बळी. खुनीवाला तर्क सध्या पुढे आहे, आपल्याच भावाला विहिरीत ढकलून पळालेला. आणि हो, भिंतीवरचा फोटो वेगळा आणि बोलणारं पात्र वेगळं. चेहऱ्यांच्या कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांचं शपथपत्र लागेल. कोण आहेत गं हे?”

“माझे वडील.”

“अगं! मग सोपंच झालं. वारलेत ना?”

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही. मॅडमनी ती हो अशी धरली आणि बुधवारपर्यंत शपथपत्र पाठवायला सांगितलं.

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. एक पितळी डबा तीनदा स्कॅन केला. माणूस बेपत्ता असेल तर कायद्यानं त्याचा चेहरा वापरता येत नाही. मी ‘मृत’ लिहिलं ते खोटं होतं, आणि खोटं होतं की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. गप्प बसले तर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता चाळीस लाख लोकांसमोर माझा बाप भावाला विहिरीत ढकलणार आणि आई शेजारच्या खुर्चीत बसून ते ऐकणार. त्यांना मारायला मला काही वाटलं नव्हतं. खुनी करायचं म्हटल्यावर मात्र ते मला सहन होईना.

घरी गेले तर आई टीव्हीसमोर पावटे सोलत बसली होती.

“अप्पासाहेब येणार म्हणं शुक्रवारी,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“जाहिरातीत दाखवलं की. हात धू, चहा टाकते.”

तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मी चहा अर्धा ठेवून बाहेर पडले आणि रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आले. पाय दुखले, बाकी काही झालं नाही.

मंगळवारी मी दार लावून लखोटे वाचायला बसले. खुनीवाल्या तर्कापेक्षा बरा असा एखादा तर्क सापडला तर मास्तरच्या पुढ्यात सरकवता येईल असा माझा बेत होता. दुपारपर्यंत तीनशे झाले. विहिरीत खजिना, अप्पांचा जुळा भाऊ, पाल म्हणजेच अप्पा. मग एक लखोटा उघडला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘रोजची प्रेक्षक’ एवढंच होतं.

“अप्पा खुनी नाहीत. मेलेले पण नाहीत. ते कामासाठी तीन दिवस परगावी होते आणि इकडे घरात मुलगी तापानं फणफणत होती. चौथ्या दिवशी भर दुपारी ते आले तेव्हा बायकोनं आतून कडी लावली होती. त्या घराची कडी दाराशेजारच्या खिडकीतून हात घालून काढता यायची. घरातले सगळे तशीच काढायचे. त्यांनी हात घातला. बायको आत उभी होती. ती म्हणाली, पोरगी तुमच्यावाचून जगली, पुढं पण जगेल. हात कडीवर होता. नुसती ओढायची होती. त्यांनी हात काढून घेतला. बायकोला वाटलं संध्याकाळपर्यंत येतील. एवढंच झालं. यात पाल, बांगड्या आणि घड्याळ यांचा काही संबंध नाही.”

मी ते पुन्हा वाचलं. आमच्या घराची कडी खिडकीतून हात घालून काढता येते. मला चौदाव्या वर्षी विषमज्वर झाला होता.

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. आई ओट्याशी भाकरी थापत होती.

“ते तू लिहिलंस?”

तिनं मागे बघितलं नाही. “तू वाचतीस व्हय ते? मला वाटलं मशीन वाचतं.”

“आई!”

“ओरडू नको. भाकरी करपंल.”

“तुला कधीपासून माहिती आहे? फोटोचं?”

“पहिल्या दिवसापासून. डोळं अधू झालेत, गेले नाहीत अजून.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “हार बघून वाईट वाटलं. तरी म्हटलं, एकोणीस वर्षांनी तोंड दिसलं. हार सोडला तर बाकी तेच होते की.”

“आणि हे खरं आहे? तू दार उघडलं नाहीस?”

“नाही उघडलं.”

“मला एकोणीस वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

आता ती वळली. हाताला पीठ तसंच. “काय सांगू? तुझ्या बापाला मी घालवलं म्हणून? तू त्यांच्यावर राग धरून बसलीस. धरू दिला. माझ्यावर धरला असतास तर मी कुठं जाणार होते, पनू?”

मला खूप काही बोलायचं होतं. मी त्यातलं सगळ्यात वाईट बोलले. म्हटलं, तुझ्या एका वाक्यापायी मी बापाशिवाय वाढले, आणि ज्याच्या नावानं मी खडे फोडत राहिले तो उन्हात दाराबाहेर उभा होता. आईनं तवा उतरवून गॅस बंद केला. मी पुन्हा बाहेर पडले, पण या वेळी कोपऱ्यावरूनच परत आले. जाणार कुठे?

परत आले तर ती पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

“ते कुठंतरी टीव्ही बघत असतील,” ती म्हणाली. “तूच म्हणतीस ना, चाळीस लाख घरं. म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही. लोक म्हणतात या मालिकेत खुणा असतात. एक खरी असू दे.”

“आणि नसतील बघत तर?”

“तर नसतील. माझं सांगून झालं की.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “अजून एक लखोटा लिहायचाय. या वेळी बायको दार उघडत नाही, पण खिडकीतून आलेला हात धरती आणि कडीवर नेऊन ठेवती.”

मग मला तिला कायदा समजावून सांगावा लागला. बेपत्ता म्हटलं तर चेहरा काढून टाकतील. मृत म्हटलं, तेही दोघींनी शपथेवर, तरच दृश्य दिसेल.

आईनं बोटांवर वाळलेलं पीठ खरवडून काढलं. “म्हणजे ते आहेत म्हटलं तर त्यांना हाक मारता येत नाही. आणि गेले म्हटलं तर येते.”

“हो.”

“कुठल्या शहाण्यानं केला हा कायदा?”

ती हसली. मला हसू आलं नाही. ज्या एका गोष्टीला ती एकोणीस वर्षं सगळ्या नातेवाइकांपुढे नकार देत आली होती, ती तिला स्वतःच्या हातानं लिहून द्यायची होती.

बुधवारी आम्ही चेहरा नोंदणीच्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता, तेच जड गेलं. त्यानं आईच्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं आणि कागदाकडे बघितलं.

“मावशी, यजमान कधी वारले?”

आईनं तारीख सांगितली. वर्ष, महिना, दिवस. विषमज्वराच्या वर्षातला मे महिना.

“घरीच?”

“दारात,” आई म्हणाली.

“आणि हे...” त्यानं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि ओशाळला.

“सवय आहे.”

त्यानं कागद पुढे सरकवला. आधी मी सही केली. काही महिन्यांपूर्वी ऐटीत केलेली खूण आठवली आणि सही दुसऱ्याच कुणाची तरी उमटली. मग आईपुढे कागद आला. नाव पूर्ण लिहायचं होतं, आधी ‘कै.’ लावून. तिनं ‘कै.’ लिहिलं आणि पेन उचलून तशीच बसली. मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं.

“आई, चल घरी,” मी म्हणाले. “जाऊ दे ते सगळं.”

“थांब की जरा. अक्षर चांगलं यायला पाहिजे.”

तिनं लिहिलं, कै. संपत धोंडिराम गुरव, खाली सही केली, शालन संपत गुरव. बाहेर आल्यावर म्हणाली, “चहा पिऊ या कुठंतरी. घशाला कोरड पडलीय.” चहा आला तेव्हा तिला कप धरता येईना. मी तो बशीत ओतून दिला.

त्या दुपारी मी आमच्या घराची खिडकी स्कॅन केली. गज, गजावरचा गंज, कडी, सगळं. आयुष्यात इतकं काळजीपूर्वक काम मी केलं नव्हतं. आईनं दुसरा लखोटा पाठवला आणि मास्तरनं त्या तर्काची चाखणी लावली. त्यात फक्त दाराआड उभ्या बायकोचा चेहरा होता, हात आणि खिडकी शुक्रवारसाठी राखून ठेवलं होतं. गुरुवारी मॅडमचा चष्मा पंख्यासारखा फिरत होता.

“दोनशे घरांत एक डोळा हलला नाही गं! कोण आहे ही रोजची प्रेक्षक? खुनीवाला तर्क पार झोपला.”

“असेल कुणीतरी घरबशी बाई,” मी म्हणाले.

शुक्रवारी सात वाजता मी टीव्हीसमोर बसूच शकले नाही. गल्लीत येरझाऱ्या घालत राहिले. सगळ्या घरांतून तेच पार्श्वसंगीत येत होतं. दार वाजल्याचा आवाज प्रत्येक खिडकीतून आला, मग शांतता, मग बायकांचा एकदम “अगंबाई!” असा आवाज. हात आला होता. साडेसातला घरात गेले तर आई पदरानं चष्मा पुसत होती.

“चांगलं केलंय,” ती म्हणाली. “आवाज तेवढा त्यांचा नाही.”

शनिवारी सकाळी दहाला मी घरीच असताना गळतीचा अहवाल आला. सोबत मॅडमचा निरोप, “एक घर फुटलंय! उघड आणि नाव पाठव, वकिलांना द्यायचंय.”

एक घर म्हणजे आमचंच. खिडकीचं ठाऊक असलेली आणि काल टीव्हीसमोर बसलेली एकच बाई होती. गेली नोकरी, आणि खोट्या शपथपत्रासाठी आईला कोर्टात उभं करणार. मी अहवाल उघडला.

प्रेक्षक एक. दार वाजल्यापासून बाकी सगळ्या महाराष्ट्राची नजर दारावर होती. या घरातली नजर दार वाजताक्षणी डावीकडच्या अंधाऱ्या खिडकीवर गेली आणि हात दिसायच्या आधी पूर्ण चार सेकंद तिथेच थांबली. बायकोनं हात धरल्यावर अकरा सेकंद डोळे मिटलेले.

जिल्हा यवतमाळ.

मी आमच्या टीव्हीचा क्रमांक शोधला. तो यादीत नव्हताच. मी धावत स्वयंपाकघरात गेले.

“आई, काल दार वाजलं तेव्हा तू कुठे बघत होतीस?”

“कुठं म्हणजे?”

“खिडकीकडे नाही बघितलंस? तुला तर माहीत होतं हात येणार ते!”

“मी कशाला खिडकीकडं बघू?” ती म्हणाली. “मी भिंतीवरच्या त्यांच्या तोंडाकडं बघत होते.”

मी तिला पडदा दाखवला. चार सेकंद म्हणजे काय, अकरा सेकंद म्हणजे काय, ते सांगितलं. तिनं यवतमाळ या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

खाली दोन बटणं होती. एक ‘घर उघडा’. ते दाबलं की नाव, पत्ता, फोन, सगळं माझ्यासमोर आणि त्याच क्षणी पुण्याच्या वकिलांसमोर. दुसरं ‘चुकीची नोंद, काढून टाका’. ते दाबलं की ते घर चाळीस लाखांत मिसळून जाणार, पुन्हा कधी सापडायचं नाही.

“पुसून टाक,” आई म्हणाली.

“आई, पत्ता मिळतोय! एकोणीस वर्षांनी! वकिलांचं बघू आपण काहीतरी. मी कबूल करते सगळं, माझी नोकरी गेली तर जाऊ दे.”

“आणि त्यांच्या दारात वकील जाऊ दे? मेलेला माणूस जिवंत कसा म्हणून विचारायला?”

“मग त्यांना गाठायचं कसं?”

“आपण कशाला गाठायचं? त्यांना कळलं ना काल? हात धरलेला दिसला ना?” तिचा आवाज आता मुळीच स्थिर नव्हता. “मग आता यायचं का नाही ते त्यांनी बघावं. आपण कुठं घर बदललंय?”

मला पत्ता हवा होता. इतका हवा होता की बोट पहिल्या बटणावर जाऊन आलं. मग मी दुसरं दाबलं. पडद्यावरची ती ओळ गेली. मॅडमना कळवलं, टीव्हीच्या मण्यात बिघाड, घर रिकामं होतं. खोटं बोलायची आता सवय झाली होती.

आई पुन्हा ओट्याकडे गेली. कणकेवरचं झाकण काढलं, परत ठेवलं.

“यवतमाळ लांब आहे का गं?”

“आहे. बसनं पंधरा तास तरी.”

तिनं बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, चुकलं म्हणून परत मोजलं.

“काल मालिका संपल्या संपल्या निघाले असतील,” ती म्हणाली, “तर आता पोचतीलच.”

आणि सकाळी आंघोळ झालेली असताना ती पुन्हा तोंड धुवायला गेली.

काल मालिका संपली, लगेच निघाले, पंधरा तास, बस वेळेवर, असं कधी होत नाही. मी आयुष्यभर लोकांच्या वेड्या तर्कांना हसत आले. नळ वाहत होता तोवर मी चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत बघून यायला निघाले.